पुढे जोडलेली खूण

वैजूताईला 'विळी' हा शब्द आठवेना, तेव्हा शलाका धास्तावली.

प्रसंग तसा काहीच नव्हता. रविवारची सकाळ, मेथीची जुडी निवडून झालेली, ताई स्वयंपाकघरात पाटावर बसलेली. हात पुढे करून ती म्हणाली, "शलू, ती दे गं जरा. ती... पायाखाली धरून चिरतात ती."

शलाकाने विळी दिली. ताईने मेथी चिरायला घेतली आणि स्वतःशीच हसत म्हणाली, "बघ, आता शब्दसुद्धा सुट्टीवर जायला लागले."

दुसऱ्या कुणाला यात काही वाटलं नसतं. साठीला टेकलेल्या बाईला एखादा शब्द सुचला नाही म्हणून कुणी हाय खात नाही. पण वैजयंती तांबट ही सांगलीच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई. दुकानाच्या पाटीवर चुकीची वेलांटी दिसली की आधी दुकानदाराची शिकवणी घ्यायची आणि मगच साबण मागायचा, असा तिचा खाक्या. तिच्या तोंडून शब्द निसटतो म्हणजे सराफाच्या हातून सोनं निसटण्यातलाच प्रकार. आणि मागच्या पंधरवड्यात हा तिसरा शब्द होता. आधी 'उंबरठा' गेला होता, मग 'नणंद'.

ताई शलाकापेक्षा सोळा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा शलाका चार वर्षांची होती, आणि तिची वेणी घालण्यापासून तिला डॉक्टरेटपर्यंत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एक मूल आयतं मिळालंय, आणखी कशाला?" लहानपणी रोज रात्री झोपवताना ती शलाकाला एक लांबलचक गोष्ट सांगायची. कुंभाराचं एक गाढव असतं. ते बाजारातून येताना वाट चुकतं आणि भलत्याच घरात शिरतं. तिथेही ते इमानेइतबारे राबतं, पण त्या घराला त्याच्या कामाचा उपयोग तर होत नाहीच, उलट नासधूस होते. ताई मधेच थांबायची आणि शलाका अर्धवट झोपेत म्हणायची, "पुढे?" शेवट तिने कधी ऐकलाच नाही, कारण त्याआधीच तिला झोप लागायची. मोठेपणी एकदा विचारलं तर ताई म्हणाली, "जागं राहायचं होतंस. सांगेन कधीतरी."

पन्नाशीच्या आसपास ताईला झटके यायला लागले. पहिला झटका वर्गातच आला, फळ्यावर समास सोडवताना. नंतर ती एकदा गॅसजवळ पडली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. शाळा सुटली, सांगली सुटली, आणि ती शलाकाकडे पुण्याला राहायला आली. गोळ्या झाल्या, गोळ्यांवर गोळ्या झाल्या. शेवटी कळलं, की दुखणं फार खोलवर आहे. पेशीच्या आत.

आणि पेशीच्या आत कुठे काय असतं हे बघणं, हाच नेमका शलाकाचा पोटापाण्याचा धंदा होता.

कांद्यापासून हत्तीपर्यंत प्रत्येक जिवाच्या पेशींत पॉलिअमाइन नावाचे छोटे रेणू असतात. प्युट्रेसीन, स्पर्मिडीन, स्पर्मीन अशी त्यांची नावं. पेशीतल्या गुणसूत्रांना ते बिलगून राहतात, पेशी वाढायला मदत करतात. त्यांच्यावाचून भागत नाही, पण फार साठले तर तेच घात करतात. मेंदूत साठले तर चेतापेशी उगाचच पेटून उठतात आणि माणसाला झटके येतात. म्हणून पेशी त्यांना सतत फोडून आवरत असते. हे फोडण्याचं काम करणारी जी प्रथिनं, त्यांना विकरं म्हणतात, आणि त्यांची घरं वेगवेगळी असतात. एक पेशीच्या मोकळ्या द्रवात आणि केंद्रकात काम करतं. एक तर पेशीच्या बाहेरच जाऊन बसतं. आणि तिसरं राहतं पेरॉक्सिसोम नावाच्या इवल्याशा बंद पिशवीत.

ही पिशवी फार महत्त्वाची. कारण पॉलिअमाइन फोडताना दर वेळी थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. जखमेवर ओतल्यावर फसफसतो तोच. पिशवीत त्याचं पाणी करून टाकणारं दुसरं विकर शेजारीच बसलेलं असतं, त्यामुळे काही बिघडत नाही. पण तेच काम पिशवीबाहेर, ताळतंत्र सोडून चाललं, तर तो पेरॉक्साइड मोकाट सुटतो आणि पेशीला आतून जाळत जातो. थोडक्यात, विकर काय करतं याइतकंच ते कुठे बसून करतं हेही महत्त्वाचं.

मग ते बरोब्बर पिशवीत कसं जातं? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी. या साखळीच्या अगदी शेवटच्या तीन कड्या म्हणजे तिचा पत्ता. पेशीतला टपालवाला फक्त तेवढंच वाचतो आणि प्रथिन पिशवीत नेऊन सोडतो. पत्त्याच्या शेवटी पिनकोड असतो, तसंच. पिनकोडवर कुणी जाड कागद चिकटवला, तर पत्र पोचत नाही.

ताईच्या पेशींत हे पिशवीतलं विकर जवळजवळ नव्हतंच. शलाकाच्या संस्थेने ते बनवण्याची जनुकं निरुपद्रवी विषाणूवर लादून थेट मेंदूत पोचवण्याचं तंत्र शोधून काढलं. मणक्यातून एकच इंजेक्शन, जन्मभरासाठी. औषध पोचलं की नाही हे स्कॅनवर दिसावं म्हणून विकराला एक छोटी चकाकणारी खूणही जोडली होती. पहिल्या तुकडीत मोजके रुग्ण घेतले, आणि त्यात ताई होती. तिच्यासाठी शलाकाने शब्द टाकला होता, हे उघड गुपित होतं.

सहा महिने ताईला एकही झटका आला नाही. ती एकटी सांगलीला जाऊन आली, येताना भडंगाची ही एवढी पिशवी घेऊन. सोसायटीतल्या मुलांना तिने व्याकरण शिकवायला सुरुवात केली. शलाकाला वाटलं होतं, आपण ताईचं ऋण थोडंसं तरी फेडलं. तिला तसं वाटत होतं त्याच सहा महिन्यांत ताईचा मेंदू जळत होता, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

विळीच्या त्या रविवारनंतर शलाकाने सरळ प्रयोगशाळा गाठली. ताईच्या त्वचेच्या पेशींपासून वाढवलेल्या चेतापेशी तिथे तयार होत्या. चाचणीच्या आधीच त्या तपासायच्या होत्या, पण त्या वाढायला महिनोन्‌महिने लागतात आणि रुग्ण थांबायला तयार नव्हते, म्हणून ते काम 'नंतर बघू'च्या खात्यात गेलं होतं. शलाकाने पेशींवर औषध घातलं आणि काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

ठिपके दिसायला हवे होते. पेरॉक्सिसोम अंधारात चांदण्यांसारखे दिसतात. उंदरांच्या पेशींत तिने ते असे शेकडो वेळा पाहिले होते, निरोगी माणसाच्या यकृताच्या पेशींतही पाहिले होते. इथे एकही ठिपका नव्हता. अख्खी पेशी एकसारखी फिकट उजळलेली, पाण्यात दूध सांडावं तशी. विकर पिशवीत नव्हतं. सगळीकडे होतं.

तिने काच बदलून पाहिली. दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग दिवा बंद करून ताईचे स्कॅन पुन्हा काढले.

स्कॅनवर खूण मेंदूत अगदी योग्य जागी दिसत होती. पण औषध मेंदूच्या कुठल्या भागात आहे एवढंच स्कॅनला कळतं. पेशीच्या कुठल्या खोलीत आहे हे त्याला कळत नाही.

कारण सापडलं ते प्रयोगशाळेत नाही, घरच्या दिवाणखान्यात.

समोरच्या फ्लॅटमधल्या आरेकरकाकू मुलीच्या लग्नाची पत्रिका ताईकडून तपासून घ्यायला आल्या होत्या. मुलगी दातांची डॉक्टर झालेली, त्यामुळे काकूंचे पाय जमिनीवर नव्हते. "वैजूताई, हिच्या नावापुढे डॉक्टर घालायचं राहिलंय. आणि जावयांच्या नावापुढे एम. टेक."

ताईने चष्मा वर केला. "काकू, आता 'पुढे' म्हणजे कुठे?"

"पुढे म्हणजे पुढेच की."

"'नावापुढे डॉक्टर लागलं' म्हणतो तेव्हा ते नावाच्या आधी येतं. 'नावापुढे एम. टेक.' लिहा म्हणतो तेव्हा ते नावाच्या नंतर येतं. शब्द एकच, आणि जागा दोन टोकांच्या." ताई खुशीत आली होती. वर्गात असल्यासारखी बोटं नाचवत म्हणाली, "माणूस चालत असला तर पुढे म्हणजे त्याच्या नाकासमोर. ओळ वाचत असलो तर पुढे म्हणजे ओळीच्या शेवटाकडे. म्हणून बोलणाऱ्याचं तोंड कुणीकडे आहे ते आधी बघावं लागतं. नाहीतर छापखानेवाला घालेल, 'एम. टेक. अनिरुद्ध'."

काकू हसल्या. शलाकाच्या हातातला चहाचा कप कलंडला आणि सोफ्यावर डाग पडला. "लक्ष कुठे आहे तुझं? डोकं ठिकाणावर आहे ना?" ताई म्हणाली, पण शलाका तोवर चपला घालत होती.

प्रयोगशाळेतल्या जनुकं रचणाऱ्या यंत्राला सगळे 'कारकून' म्हणत. तोंडी सांगायचं, त्याने मुकाट्याने रचायचं. मराठीत सांगितलेलं त्याला समजायचं, याचा संस्थेला कोण अभिमान. त्याला मराठी शिकवणाऱ्यांत शलाका आघाडीवर होती.

"कारकून," ती म्हणाली, "विकराला खूण कुठे जोडली आहेस?"

"आपण सांगितल्याप्रमाणे, साखळीच्या पुढे."

"पुढे म्हणजे कुठे?"

"साखळी संपते त्याच्या नंतर," कारकून शांतपणे म्हणाला.

शलाकाच्या मनात 'पुढे' म्हणजे सुरुवातीला होतं. गाडीच्या पुढे इंजिन असतं तसं. कारकुनाने साखळी डावीकडून उजवीकडे ओळीसारखी वाचली, आणि पुढे म्हणजे शेवटी असं धरलं. त्याचंही चुकलं म्हणता येईना. पण त्यामुळे खूण नेमकी शेवटच्या तीन कड्यांवर जाऊन बसली होती आणि पत्ता झाकला गेला होता. 'खूण: पुढे' हे पडद्यावर पाच जणांनी वाचलं होतं आणि पाचही जणांनी माना डोलावल्या होत्या. इंग्रजी अहवालात तर 'खूण सुरुवातीला' असं खुद्द शलाकानेच लिहिलं होतं. कडी न् कडी पुन्हा तपासायची तसदी कुणी घेतली नाही, कारण उंदीर बरे झाले होते.

उंदीर का बरे झाले, तेही आता तिला उमगलं. पिशवीच्या दारातून प्रथिनांची जोडीही आत जाऊ शकते. उंदरांच्या पेशींत त्यांचं स्वतःचं विकर थोडंफार होतं, त्याच्याजवळ अस्सल पत्ता होता. बिनपत्त्याचं विकर त्याचं बोट धरून आत गेलं. यकृताच्या पेशींतही तसंच. पण ज्यांच्याकडे स्वतःचं विकर नाही, तेच तर रुग्ण होते. ताईच्या पेशींत बोट धरायला कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं हुद्दार सरांसमोर मांडलं. हुद्दार प्रकल्पाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांनी या औषधावर उमेदीची वर्षं घालवली होती. चित्रं बघून त्यांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "काचेवरच्या पेशींवरून इतका मोठा निष्कर्ष काढायला नको. ताईंचं वयही झालंय. दुसरी तुकडी सोमवारी आहे, ती होऊन जाऊ दे. मग सावकाश बघू."

"सर, तुकडीत एकवीस जण आहेत."

"आणि चाचणी थांबवली तर ती पुन्हा कधी उभी राहील, ठाऊक आहे? तेच एकवीस जण झटके येऊन मरतील. शलाका, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"माझं आहे, सर. विकर नाही."

शलाकाने त्याच दुपारी देखरेख समितीला सगळं कळवलं. चूक कोणाच्या तोंडून झाली तेही. चाचणी थांबली, पहिल्या तुकडीतल्या बाकीच्यांनाही कळवलं गेलं. कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलाशी बसणारे एकेक करून दुसरीकडे बसू लागले. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. घरी जाऊन जे सांगायचं होतं, त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं.

दोन दिवस तिने टाळलं. ताई तिच्या ताटात वाढत होती, आणि तोंडली वाढताना म्हणत होती, "ही घे, ही... हिरवी." शलाका मान खाली घालून जेवत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईने स्वतःच विचारलं, "काय ते सांगून टाक. तुझा चेहरा लहानपणी दौत सांडल्यावर व्हायचा तसा झालाय."

शलाकाने सांगितलं. विकर, पिशवी, पत्ता, खूण. आणि 'पुढे'.

ताईने उठून गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं. मग म्हणाली, "तुझी चूक नाही, असं मी म्हणणार नाही. चूक आहे. 'सुरुवातीला' म्हणायचं होतंस."

"हो."

"मी शिकवलंय तुला."

"हो, ताई." शलाकाला रडू आवरेना. ताईने तिला जवळ घेतलं नाही. फक्त पदर पुढे केला, आणि शलाकाने त्यात तोंड पुसलं.

"दुरुस्त केलेलं औषध मला देता येईल?"

"नाही. तुझ्या शरीराने तो विषाणू आता ओळखलाय. परत दिला तर आत शिरायच्या आधीच मारून टाकेल. दुसऱ्यांना देता येईल. ज्यांना अजून काहीच दिलं नाही, त्यांना."

"आणि मला?"

"बंद करायची एक गोळी आहे. ती घेत राहिलं की विकर तयार व्हायचं थांबतं. जळणं थांबेल. गेलंय ते परत यायचं नाही. आणि झटके पुन्हा सुरू होतील, कदाचित जास्तच."

"नाही घेतली, तर झटके नाहीत, पण शब्द जातील."

"आधी शब्द. मग माणसं. मग..."

"कळलं." ताईने भाजलेल्या हातावरून दुसरा हात फिरवला. झटक्यांची तिला किती धास्ती होती हे शलाकाइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एकटीने न्हाणीघरात जायची चोरी, दाराला कडी लावायची नाही, प्रत्येक वस्तूचा कोपरा गुंडाळलेला. ते सगळं परत यायचं होतं.

"तू काय म्हणतेस?" ताईने विचारलं.

"मी काही म्हणायचं नाही असं ठरवलंय."

"शहाणी आहेस." ताई थोडं हसली. "शब्द नसतील तर मी कोण, शलू? झटका आला तर निदान 'झटका आला' असं सांगता तरी येईल. आण ती गोळी. मला ठरवता येतंय तोवर मी ठरवते."

शलाकाने गोळी आणली. पाणी देताना तिला एकदम आठवलं. "ताई, त्या गाढवाच्या गोष्टीचा शेवट काय गं?"

ताईने गोळी गिळली. डोळे बारीक करून तिने आठवायचा प्रयत्न केला, मग मान हलवली. "थांब जरा. येईल. उद्या सांगते."

झटके परत आले. आधी लहान, मग मोठे. गोळी वेळेवर दिली जात होती, डॉक्टर चांगले होते, कुणी कशात कसूर केली नव्हती. पण एक झटका आला तो थांबेचना. अतिदक्षता विभागातून ताई परत आली तेव्हा अंगाने बरी होती. शब्द मात्र तिथेच कुठेतरी राहिले होते. जे वाचवण्यासाठी तिने झटके पत्करले, तेच झटक्याने नेलं. शलाकाने कुणाला तरी दोष द्यायचा पुष्कळ प्रयत्न केला, आणि दर वेळी ती फिरून स्वतःपाशीच येऊन थांबली.

वर्षभराने चाचणी पुन्हा सुरू झाली. या वेळी खूण सुरुवातीला होती, आणि कडी न् कडी तीन जणांनी मोठ्याने वाचून तपासली होती. रुग्णांच्या पेशींत ठिपके दिसले, लख्ख. एकवीस जणांपैकी कुणाचेही शब्द गेले नाहीत. त्यांतल्या एका बाईंनी शलाकाला घरी केलेले लाडू पाठवले. ते तिने आरेकरकाकूंना देऊन टाकले.

शलाका आता लवकर घरी येते. ताईला भरवते, तिच्या केसांची सैलसर वेणी घालते, आणि उजेड असेपर्यंत दोघी गॅलरीत बसतात. ताई शलाकाला ओळखते की नाही, सांगता येत नाही. आवाज मात्र तिला आवडतो. बोलत राहिलं की शांत असते, थांबलं की कावरीबावरी होते. म्हणून शलाका काहीबाही बोलत राहते. बोलण्यासारखं सगळं संपलं, तेव्हा एका संध्याकाळी तिने गोष्ट काढली.

"एका कुंभाराचं एक गाढव असतं," ती म्हणाली. "ते बाजारातून येताना वाट चुकतं आणि भलत्याच घरात शिरतं. तिथेही ते इमानेइतबारे राबतं. पण घराची नासधूस होते. घरातली माणसं म्हणतात, हे आलं कुठून? याचं ठिकाण कुठलं?"

ती तिथे थांबली. लहानपणी इथेच तिला झोप लागायची.

ताईने मान वळवली. कित्येक महिन्यांत तिने कुणाकडे असं बघितलं नव्हतं. ओठ दोन-तीनदा हलले, आणि मग अगदी स्पष्ट, शाळेतल्यासारखा स्वच्छ आवाज आला.

"पुढे?"

शलाकाने तिचा भाजलेला हात हातात घेतला. पुढे काय झालं, ते फक्त ताईलाच माहीत होतं.